मागची तारीख

ट्रंक कॉलचा फॉर्म भरताना शालिकरामनं तारखेच्या जागी सहा लिहिलं, आणि खिडकीतल्या यशवंतरावांनी चष्म्याच्या वरून बघत विचारलं, "सहा? आज सोळा हाये जी. कुठं राहाता तुमी?" मागं उभ्या असलेल्या दोघांपैकी कुणीतरी हसलं. शालिकरामही हसला. सहाच्या आधी एक काढायचा, की झाले सोळा. एवढंच काम होतं. पण पेन कागदावर टेकवून तो तसाच उभा राहिला. आपण मुद्दाम लिहिलं नव्हतं. मुद्दाम लिहिलेलं निस्तरता येतं. हे हातानं आपलं आपण लिहिलं होतं, बरोबर दहा दिवस मागचं. "काढा ना एक," यशवंतराव म्हणाले. "नाहीतर तुमचा कॉल मागच्या आठवड्यात लागन." त्यानं एक काढला. तो जरा खालीच बसला, सहाला चिकटून.

अर्जंट लावला तरी दिल्ली लागायला चार-पाच तास धरा, नागपूरवरून जाते, असं यशवंतरावांनी सांगितलं. म्हणून तो भिंतीकडच्या बाकावर बसला. सौंसरचं पोस्ट त्याच्या रोजच्या रस्त्यावरचं. पण इथं असा नुसता बसून तो कधी राहिला नव्हता. डिंकाचा आणि लाखेचा वास होता. शिक्के पडत होते. दारातून फेब्रुवारीचं ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हाबरोबर मागच्या बगीच्यातून संत्र्याच्या फुलांचा वास येत होता, गोड, थोडा डोकं जड करणारा. आंबिया बहार यंदा भरून आला होता. या वासात माणसाला झोप येते. चौदा वर्षांपूर्वी पुष्पा पाळण्यात होती तेव्हा असाच वास घरात यायचा आणि तिच्या आईला वाटायचं, पोरगी त्या वासानंच झोपते. शालिकरामनं डोळे मिटले. काय बोलायचं ते त्यानं सकाळपासून मनात बसवून ठेवलं होतं. बोलणं लहान होतं, तीन मिनिटांत बसणारं. पुष्पे, तुले पोट दुखते म्हणून सांग. खोलीतच राहा. बावीस तारखेपर्यंत गर्दीत जाऊ नोको. कारण विचारू नोको. बस. आठ मुलींपैकी एकीला पोट दुखायला लागलं तर लेझीम काही थांबत नाही.

आठ मुली. कन्याशाळेचं लेझीमपथक दिल्लीच्या मेळाव्याला निवडलं गेलं, तेव्हा सौंसरमध्ये पेढे वाटले होते. मग जानेवारीच्या शेवटी दिल्लीहून हिंदीत पत्र आलं, की तिकडं गर्दनतोड बुखाराची, म्हणजे मेंदूज्वराची, साथ आहे, तेव्हा प्रत्येक मुलीनं निघण्याआधी किमान दहा दिवस लस टोचून घ्यावी आणि दाखला आणावा. मोठ्या बाईंनी ते पत्र दवाखान्यात त्याच्याकडं पाठवलं, टोचायचं काम त्याचंच. त्यानं ते वरवर वाचलं. लस नागपूरहून आणायची होती, थर्मासमध्ये बर्फ भरून, बसनं, आणि ते काम दुसरं कोण करणार? तोच. जाऊ उद्या, जाऊ परवा, असं करत राहिला. एकोणीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला तारीख म्हणजे काय ते ठाऊक असतं. वरचे दहा लिहितात ते खालच्यांनी पाचात करावं म्हणून. एकतीसला माहिती मागतात, कारण त्यांना ती दहाला लागते. पेन्शनचे कागद असोत की शाळेचे दाखले, सगळीकडं मध्ये थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, सगळ्यांना ती माहीत असते आणि सगळे तिच्यात राहतात. या दहा दिवसांनाही तो तशीच एक मोकळी जागा समजला. ते दिवस कुणा साहेबानं घातले असतील असं त्याला वाटलं. त्यानं थर्मास आणला तो अकरा तारखेला, टोचलं बारा तारखेला मंगळवारी, आणि तेरा तारखेला मुली निघाल्या.

दाखले बाराच्या संध्याकाळी लिहिले. लिहिले म्हणजे पुष्पानं लिहिले. सहावीपासून घरातलं लिहायचं काम तिचं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. रेशनकार्डाचा अर्ज, बदलीचा अर्ज, मामाच्या लग्नाचं पत्र, सगळं तिच्याकडून. डॉक्टरांच्या सह्या कोऱ्या छापील कागदांवर आधीच असायच्या, तो गठ्ठा त्याच्या पेटीतच राहायचा, कारण डॉक्टरांना रोज रोज सही करायला वेळ कुठला. ती पाटावर बसली होती, गुडघ्यावर वही, वहीवर कागद. नुकतं टोचलेला डावा दंड ती जरा अंगापासून दूर धरून होती.

"तारीख?" तिनं विचारलं.

"दोन फेब्रुवारी टाक."

"आज तर बारा हाये, बाबा."

"सरकारी कामात तारीख अशीच टाका लागते. लिही."

तिनं लिहिलं. आठ वेळा लिहिलं, स्वतःचा दाखला सगळ्यात शेवटी. दोनचा आकडा ती फार छान काढते, खालची शेपटी थोडी वर वळवून. तो कौतुकानं बघत होता. त्या वेळी त्याच्या मनात दुसरं काहीही नव्हतं, हे आता बाकावर बसून त्याला खरंच वाटेना. काहीच नव्हतं? पोरीचं अक्षर सुंदर आहे, एवढंच? एवढंच होतं.

आणि काल दुपारी, चहा घेता घेता, नुसतं बोलण्यात बोलणं म्हणून त्यानं नव्या डॉक्टरांना विचारलं. रेडिओवर दिल्लीचं काहीतरी सांगत होते. डॉक्टर मुकुंद पोरसवदा आहेत, पुस्तकं वाचतात, विचारलं की नीट सांगतात. "साहेब, थे दहा दिवस कशाचे असते?" डॉक्टर म्हणाले, "शरीराचे. लस म्हणजे छत्री नाही, शालिकरामजी, उघडली की झालं. आत शरीर आपलं आपण तयार होतं. त्याला सात दिवस लागतात, दहा लागतात. तोवर टोचलेला आणि न टोचलेला सारखाच." मग बशीत चहा ओतताना त्यांनी सहज विचारलं, "आपल्या मुलींना वेळेत दिली ना?" आणि तो म्हणाला, "हो साहेब." लगेच म्हणाला. इतका लगेच, की आधी तोंडानं म्हटलं आणि मग त्यानं ऐकलं.

यशवंतरावांनी पलीकडं रिसीव्हर उचलून नागपूरला हाका मारल्या. "नागपूर, नागपूर, दिल्ली कुठं गेली जी?" नागपूर काही बोललं असावं. ते ठेवून देत म्हणाले, "बसा निवांत."

निवांत. तो बसला. बाकाचं लाकूड उन्हानं कोमट झालं होतं. समोर एक बाई मनीऑर्डरच्या फॉर्मवर अंगठा देत होती आणि तिच्या उघड्या दंडावर देवीच्या दोन टोचण्या होत्या, रुपयाएवढ्या, सुरकुतलेल्या. कदाचित त्याच्याच हातच्या. या तालुक्यातले अर्धे दंड त्याच्या हातून गेले असतील. तेव्हा त्याला देवी डॉक्टर म्हणायचे. सायकलवर पेटी, पेटीत दुतोंडी सुया, स्पिरिटचा दिवा. लोक पोरं कोठ्यांत लपवायचे आणि तो दारात उभा राहून गोष्टी सांगायचा, हसवायचा, आणि मग टोचायचा. पण टोचून काम संपत नसे. आठ दिवसांनी परत जायचं, रामाकोन्याला, आणखी कुठं कुठं, आणि प्रत्येक पोराची बाही वर करून बघायचं, उगवली का. तिसऱ्या दिवशी दाणा, आठव्या-नवव्या दिवशी टपोरा फोड, मग खपली. नाही उगवली तर पुन्हा टोचा. दंडच सांगायचा किती दिवस झाले ते. रजिस्टरमध्ये काहीही लिहिलेलं असो. पूर आला त्या वर्षी त्यानं न गेलेल्या गावाची फेरी गेली म्हणून लिहिली होती आणि वरच्या साहेबांनी अचानक जाऊन पोरांचे दंड उघडून बघितले. सगळे गुळगुळीत. त्यानं तेव्हा पाय धरले होते. साहेब भले होते, त्यांनी फेरी पुन्हा करायला लावली आणि सोडून दिलं. हे त्यानं घरी कधी सांगितलं नाही.

पुष्पाला त्यानंच टोचलं होतं, तीन महिन्यांची असताना. तिच्या आईनं तोंड फिरवलं होतं. आठ दिवस तो रोज सकाळी तो दंड बघायचा. फोड जसा भरत गेला तसा त्याला उगाच अभिमान वाटायचा, पोरीनं काही मोठं काम केल्यासारखा. पण ही नवी लस काही दाखवत नाही. सुई जाते, कापूस चोळला की झालं. आत काय चाललंय कुणाला दिसत नाही. आज पाचवा दिवस. डोळे मिटले की त्याला तिचा दंड दिसे, आणि दंडाच्या आत कुणीतरी अगदी हळू, बिनबोभाट काहीतरी रचत बसलेलं. थोडं झालेलं, बरंच राहिलेलं. घाई करा, असं त्याला त्या आतल्यांना सांगावंसं वाटे. ते वर बघत नसत. मग दंड तिचा राहत नसे. आठ दंड एका ओळीत, बाह्या वर केलेल्या, आणि तो स्वतः सुई घेऊन पुढं सरकतोय, हसवतोय, "पाहा वं, मुंगी चावली का नाही?" आणि शेवटच्या दंडाशी पोचला की पुन्हा पहिल्याशी. वासानं गुंगी येत होती. त्यानं मान झटकली.

मान. गर्दनतोड त्यानं एकदाच पाहिला होता, नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, एका वाडीवर. पाचेक वर्षांची मुलगी बाजेवर कुशीवर पडली होती आणि तिचं डोकं मागं ओढलं गेलं होतं, पाठीकडं. दार उघडलं की उजेड तिला सोसत नव्हता, ती कण्हायची, म्हणून घरचे अंधारात बसले होते. त्यानं मानेखाली हात घालून उचलायचा प्रयत्न केला, तर सगळं अंगच उचललं गेलं. ती संध्याकाळपर्यंत होती. तिचं नावही त्यानं विचारलं नव्हतं. हे एवढी वर्षं त्याच्या कुठं लक्षात होतं? आणि पत्रात तो शब्द वाचूनही ती बाज का आठवली नाही? तो शब्द त्याला पत्रात शब्दासारखाच वाटला, विषय, संदर्भ, दिनांक यांच्यातला एक.

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर किती आनंद होता. सौंसरहून बसनं सगळे गेले, आयाबापांसकट. मुलींनी फलाटावरच लेझीम धरली, सोबत जाणाऱ्या विजया बाई ओरडत होत्या, "दमू नका गं, दिल्ली लांब आहे!" हमाल थांबून बघत होते. पुष्पाची आई रुमालात बांधलेल्या दशम्या दहा वेळा मोजून देत होती. आणि यमुना आली. यमुना संत्र्याच्या तोडणीला जाते, तिची मीना पुष्पाच्याच वर्गात. मीनाच्या मनगटावर जामसांवलीच्या मारुतीचा लाल धागा होता. यमुनानं त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, धागा बांधला म्या, पण माही भिस्त तुमच्यावर हाये. तुमी सोता टोचलं ना पोरीले? मंग मले घोर नाही." तो म्हणाला होता, "घोर कायचा? मस्त जाऊ दे." गाडी हलली. आठ हात खिडक्यांतून बाहेर आले. त्यानं हात हलवला, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात त्याला फार बरं वाटलं होतं. आज त्याला यमुनाचं ते तोंड बघवत नव्हतं. डोळे उघडले तरी ते समोर होतं आणि मिटले तरी होतं.

मग सगळ्यांना का सांगत नाहीस? हे त्यानं स्वतःला काल रात्रीपासून विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं की उत्तरांची रांगच लागे. खोटा दाखला, म्हणजे आधी निलंबन. कोऱ्या सह्या, म्हणजे डॉक्टरही गेले, पोरसवदा माणूस. मोठ्या बाई. आणि अक्षर कुणाचं? पुष्पाचं. आठही कागदांवर पोरीचं अक्षर. शिवाय काही होईलच असं थोडंच आहे. दिल्लीत लाखो लोक आहेत, ते काय सगळे मरतात? एवढा मोठा विचार झाला की शेवटी त्याच्या हातात एक लहानशी गोष्ट उरे, आपली पोरगी. तेवढी धरून ठेवली की छातीतलं धडधडणं कमी होई. आपल्या पोरीला वाचवू नये असं कोण म्हणेल? कुणीच म्हणणार नाही. तो स्वतःशी हे बोलत असताना शिक्के पडत होते, बाया-माणसं येत-जात होती, ऊन दारातून बाकाच्या पायापर्यंत आलं आणि त्याच्या चपलांवर चढलं.

"शालिकरामजी! दिल्ली! धावा!"

लाकडी खोक्याचं दार त्यानं लावून घेतलं. आत घामाचा वास होता. रिसीव्हरमधून एक मोठी पोकळी आली, तिच्यात कुठंतरी दुसरेच लोक बोलत होते, मग एक पुरुष जवळ येऊन म्हणाला, "किसको बुलाना है?" त्यानं नाव सांगितलं. मेळाव्याच्या ऑफिसातला तो माणूस कुणाला तरी हाक मारत गेला. ती खोलीतच होती म्हणे, एवढंच शालिकरामनं ऐकलं. आणि मग अगदी कानाजवळ, ताप आलेल्या माणसासारखा बारीक आवाज आला.

"हॅलो... बाबा?"

"पुष्पे. बरी हायेस ना? ताप गिप?"

"नाही बाबा. आई कशी हाये?"

"बरी हाये. आयक, मी काय म्हणतो थे नीट आयक—"

"मी खोलीतच हावो, बाबा. आल्यापासून बाहेर नाही गेली."

त्यानं बसवून ठेवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. "काहून?"

"पोट दुखते म्हणून सांगतलं बाईले."

"दुखते का खरंच?"

"नाही."

तारेत खरखर झाली. मग ती भराभर बोलायला लागली, "पत्रात लिहलं होतं ना, बाबा. टोचल्यावर दहा दिवसांनी गुण येते, त्याच्या आंधी गर्दीत नेऊ नोका म्हणून. मोठ्या बाईनं नक्कल कराले मलेच देल्लं होतं थे पत्र. मले वाटलं तुमी वाचलं असन. तुमी म्हणले सरकारी कामात अशीच टाका लागते, तर मले वाटलं तुमाले माहीत असन."

"मंग... बाकीच्या?"

"त्या रोज जातात. तालीम मैदानावर होते, दोन हजार पोरी येतात. कालही गेल्त्या. आताही बस लागली हाये, बाई पोरी मोजून राहिल्या. मीना मले म्हणे, तू भेली का वं." आता ती रडत होती. "म्या कोणाले नाही सांगतलं, बाबा. तीनदा मीनाले सांगाले गेली, आन नाही सांगतलं. तुमचं नाव निघन म्हणून. आन अक्षर तर माहं हाये."

त्याला आधी वाटलं ते समाधान होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. पोरगी वाचली, दोन-तीन दिवस खोलीत बसली आहे, अजून सहा बसेल. त्यानं भिंतीला हात लावला. आपली हुशार पोरगी. जे सांगायला आपण सौंसरहून दिल्लीपर्यंत तार ओढली, ते तिनं न सांगता केलं होतं, शब्दाला शब्द, पोटदुखीसकट. आणि त्याच वेळी त्याला ते तिच्या तोंडून ऐकू आलं. चौदा वर्षांची पोर एकटी खोलीत बसून, मैत्रिणी बसमध्ये चढताना खिडकीतून बघते आणि बापाचं नाव सांभाळते. ती हे कुठून शिकली? त्याला इतकी लाज वाटली की कानाजवळचा रिसीव्हर गरम लागायला लागला. रडणारी पोरगी त्याला दिसत नव्हती, पण तिचं तोंड तो बघू शकत होता, आणि त्या तोंडावर त्याचंच, कालचं, चहा पितानाचं तोंड होतं.

"तीन मिनिट झाले," मध्येच कुणीतरी म्हणालं.

"वाढवा!" तो म्हणाला. "पुष्पे. विजया बाईले बोलाव फोनवर."

"बाबा—"

"बोलाव. बस सुटायच्या आंधी."

"मंग तुमची नोकरी?"

"तू धाव आंधी. तुह्या अक्षराचं मी पाहातो. धाव!"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं, धावणारी, जिना असावा, उतरत जाणारी. मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये फार लांबून लेझीम खुळखुळत होती, कुणी मुली हसत होत्या, एक इंजिन चालू झालं होतं. शालिकराम कान दाबून उभा राहिला. काचेतून यशवंतराव घड्याळाकडं बघत होते. बाकावर दोन नवी माणसं येऊन बसली होती, ओळखीची, त्यांतला एक हात हलवून रामराम करत होता. आतापर्यंत तो हळू बोलत होता. कुणी काही ऐकलं नव्हतं. इंजिनाचा आवाज वाढला. त्याला वाटलं, गेली बस. मग धापा टाकत कुणीतरी आलं.

"हॅलो? विजया बोलते. काय झालं, शालिकरामजी? घरी सगळं ठीक ना? लवकर सांगा, बस निघतेय."

"बाई," तो म्हणाला, आणि त्यांना ऐकू गेलं नाही.

"हॅलो? मोठ्यानं बोला!"

त्यानं खोक्याचं दार पायानं ढकललं, आत श्वासच पुरत नव्हता, आणि सगळं पोस्ट वळून बघेल एवढ्या मोठ्यानं तो ओरडला.

"बाई, पोरी बसमधून उतरवा! पयले उतरवा, मंग सांगतो म्या काय केलं थे!"